विचारणारा निघून गेला

थांबाकाकांची मान डावीकडे थोडी कललेली आहे. जन्मापासून नाही हं. सव्वीस वर्षं फोनचा रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला की कुणाचीही मान कलेल. तुमची-माझी पहिल्याच वर्षात कलली असती. फोटो काढणारा दर वेळी सांगतो, "काका, मान सरळ." काका दर वेळी म्हणतात, "सरळच आहे, तुम्ही काढा." घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये ते शेजारच्या माणसाचं काहीतरी ऐकत असल्यासारखे दिसतात.

काका कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका वर्कशॉपचे स्टोअरकीपर. पुढच्या खोलीत प्लास्टरचं काम, मधल्या खोलीत लेथ आणि घासायची चाकं, आणि मागे, जिथे दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते तिथे, काकांचं स्टोअर. गुडघ्याचे सांधे, घोट्याचे रबरी तुकडे, पट्टे, बकला, शेकडो जातींचे स्क्रू. प्रत्येक खणावर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी. पण पायांचं असं असतं की माणूस पाय पंधरा वर्षं वापरतो आणि कंपनी तो सांधा बनवायचं आठव्या वर्षीच बंद करते. मग एक पिन झिजली की शोधाशोध. आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या वर्कशॉपांना विचारायचं. अशी एकमेकांना विचारणारी स्टोअर्स होती त्रेचाळीस.

रोज सकाळी दहाला काका फोन घेऊन बसत. एकेकाला लावायचे, तुकड्याचं वर्णन सांगायचे आणि म्हणायचे, "मी थांबतो. तुम्ही बघून या सावकाश." पलीकडचा माणूस शिडी लावायचा, डबे वाजायचे, कुणीतरी शिंकायचं, आणि काका मान वाकडी करून थांबायचे. हात मोकळे असल्यामुळे तेवढ्यात दोन बकलांचा गंज घासून व्हायचा. एकदा पलीकडचा माणूस बघायला म्हणून गेला तो विसरूनच गेला. जेवला, हात धुतले, सहज रिसीव्हर उचलला तर काका लाइनवर. "जेवण झालं का?" एवढंच विचारलं त्यांनी. टोमणा नव्हता हो तो, खरंच विचारत होते. त्या दिवसापासून त्रेचाळीसही स्टोअर्समध्ये त्यांचं नाव थांबाकाका पडलं. खरं नाव आता पगारपत्रकातच उरलं आहे.

शोधाची एक वही होती. लांबट, जाड पुठ्ठ्याची. पानावर दोन रकाने: आहे, नाही. कुणाकडे 'आहे', कुणाकडे 'नाही', संपलं. तिसरा रकाना आखायची गरजच कधी पडली नव्हती, कारण उत्तर मिळाल्याशिवाय काकांनी फोन कधी ठेवलाच नव्हता.

पुढे स्टोअर्सनी आपापला माल वेबसाइटवर टाकला आणि फोन उचलणं बंद केलं. "साइटवर बघा ना काका." काका साइटवर बघू लागले. त्रेचाळीस साइट, प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे. एक सांधा शोधायला दुपारच्या जेवणाची वेळ व्हायची. घरी आले की डोळे चोळत बसायचे.

त्यांची सून सॉफ्टवेअरमधली. मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून काम करायची. चहा हवा का हे विचारायला सासूबाईंना तिच्यासमोर हात हलवावा लागायचा. तिने एका रविवारी सासऱ्यांचा तो रडवेला चेहरा पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं एक प्रोग्राम करू शकतो. तो त्या साइट्सना विचारेल आणि उत्तरं आणून देईल."

"मग कर की."

"मी नाही. तुम्ही करायचा. कुठल्या स्टोअरला कसं विचारायचं ते मला काय ठाऊक?"

"अगं, मी बावन्न वर्षांचा आहे!"

"तुम्हाला कुठे पळायचंय? टायपिंगच करायचंय."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "शिकवच त्यांना. निदान रविवारी माझे डबे लावत बसणार नाहीत." काकांनी घरातल्या डब्यांवरही चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, त्याचा हा राग.

दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. काकांना सगळं पटकन यायचं असं नाही. कंस उघडायचे, बंद करायला विसरायचे. पण ज्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या प्रोग्रामने एका साइटला विचारलं आणि पडद्यावर उत्तर उमटलं, त्या दिवशी ते खुर्चीतून उठून उभे राहिले. उत्तर 'नाही' होतं. तरीही काकूंना हाक मारून दाखवलं. "बघ, बोलतंय ते!"

आणि प्रोग्रामच्या त्या भाषेत एक शब्द निघाला, 'अवेट'. उत्तर येईपर्यंत इथे थांबायचं, असा त्याचा अर्थ. सुनेने तो सांगितला तेव्हा काका असे खुलले की विचारू नका. "म्हणजे माझं काम त्यांना आधीच माहीत होतं की!"

त्यांनी तो शब्द जिथे तिथे घातला. पहिल्या स्टोअरला विचार, थांब. दुसऱ्याला विचार, थांब. तिसऱ्याला विचार, थांब. फोनसारखंच. त्रेचाळीस जणांचं व्हायला अकरा मिनिटं लागायची आणि काका अकरा मिनिटं पडद्यासमोर मान वाकडी करून बसायचे. आता कानाशी काहीच नव्हतं तरी.

मग एक दिवस प्रोग्राम एकोणिसाव्या स्टोअरवर अडकला. दहा वाजता अडकला तो साडेअकरापर्यंत हलेना. मिस्त्री, म्हणजे पाय घडवणारा मुख्य कारागीर, दोनदा डोकावून गेला. "काका, बंद पडलंय ते."

"नाही रे. बघत असतील. माळ्यावर चढले असतील."

"कोण चढलं असेल? मशीन आहे ते!"

त्या स्टोअरचं मशीन खरोखर बंद होतं. वीज गेली होती बिचाऱ्यांची. बाकीच्या चोवीस स्टोअर्सना त्या दिवशी कुणी विचारलंच नाही, आणि त्यांतल्या एकाकडे हवा तो घोटा होता.

दुसऱ्या दिवशी काका चष्मा घरी विसरले म्हणून सून तो द्यायला वर्कशॉपमध्ये आली. मिस्त्रीने तिला कालचा प्रकार रंगवून सांगितला. सांगता सांगता त्याने एका साच्यात प्लास्टर ओतलं, तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्या पायाचा पट्टा शिवायला घेतला. सुनेने ते पाहिलं.

"बाबा, इकडे बघा. मिस्त्रीकाका प्लास्टर वाळेपर्यंत साच्याला धरून बसतात का?"

"धरून कसा बसेल? अजून चार पाय आहेत त्याला करायला."

"मग तुमचा प्रोग्राम का बसतो? त्रेचाळीस जणांना एका दमात विचारून टाकायचं. मग ज्याचं उत्तर जेव्हा येईल तेव्हा ते घ्यायचं. एकाच्या दारात उभं राहून बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं नाही."

काकांना ते पटलं पण रुचलं नाही. "विचारायचं आणि पाठ फिरवायची? बरं दिसतं का ते?"

"पाठ नाही फिरवायची. कान सगळीकडे ठेवायचा."

"कान दोनच आहेत मला."

"प्रोग्रामला त्रेचाळीस आहेत," सून म्हणाली. मिस्त्री हसायला लागला आणि त्याची शिवण वाकडी गेली.

पुढच्या रविवारी सासरे-सुनेने मिळून ते बसवलं. सगळ्यांना एकदम विचारायचं आणि कुणी मेलेलं असेल तर त्याच्यासाठी जन्मभर अडकू नये म्हणून पाच सेकंदांची मर्यादा घालायची. "आणि पाच सेकंदांत जे बोलणार नाहीत," सून म्हणाली, "त्यांची नोंद वेगळी ठेवा हं बाबा. मला आता मीटिंग आहे, तेवढं तुम्ही लिहा."

काका हो म्हणाले. वही समोर घेतली, कारण प्रोग्रामचा निकाल त्यांना वहीसारखाच दिसायला हवा होता. वहीत रकाने दोन. ज्याने 'आहे' म्हटलं तो डावीकडे. बाकीचे सगळे उजवीकडे.

बाकीचे सगळे! बोललेले आणि न बोललेले एकाच रकान्यात. तुम्ही त्यांच्यावर चिडू नका. मी पुरेसं चिडून घेतलं आहे. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत गप्प बसलेल्या फोनला कधी नकार मानलं नाही, त्याच्या हातून नेमकं हेच व्हावं? पण त्याच्याच हातून होणार होतं. उत्तर न देणारं माणूस त्यांच्या वहीत कधी आलंच नव्हतं, मग त्याच्यासाठी जागा कुठून आठवणार?

आणि प्रोग्राम काय पळाला! बटण दाबायचं, एक, दोन, तीन, चार, पाच, निकाल हजर. काका हरखून गेले. येईल त्याला दाखवायचे. पाण्याचे जार आणणाऱ्यालाही बसवून दाखवलं. मान थोडी सरळ झाली असंही काकूंचं मत होतं, पण काकूंना तेव्हा सगळंच चांगलं दिसत होतं, कारण काका घरी वेळेवर येत होते. असे आठ महिने गेले.

मग एका सोमवारी कंडक्टरबाई आल्या.

या बाई बसमध्ये कंडक्टर. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. लोकांनी सांगितलं, आता घरी बसा. त्यांनी कुणाचंही ऐकलं नाही. याच वर्कशॉपमध्ये पाय करून घेतला, इथल्याच ओट्यावर पायऱ्या चढायचा सराव केला आणि दीड वर्षाने पुन्हा खाकी घालून बसमध्ये उभ्या राहिल्या. काका तेव्हा स्टोअर सोडून त्यांच्या मागे मागे चालायचे, पडल्या तर धरायला. त्या एकदाही पडल्या नाहीत आणि एकदाही 'काका, तुम्ही जा' म्हणाल्या नाहीत.

"काका, गेला बघा," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. गुडघ्याचा सांधा मागच्या बाजूने तडकला होता. चालताना टक् टक् वाजत होता. "आणि माझी तपासणी पुढच्या शुक्रवारी. चालत्या बसमध्ये न धरता उभं राहून दाखवायचं, वीस वेळा चढायचं-उतरायचं. यावर उभी राहिले तर सरळ ड्रायव्हरच्या मांडीत जाईन."

मिस्त्रीने वाकून सांधा पाहिला. जुनी जात, पितळी पिनेची. नवा कुठलाही सांधा त्या पायाला बसत नव्हता. म्हणजे मांडी ज्यात बसते तो भागही नवा करायचा, सगळा पाय नवा, आणि त्यावर चालायला शिकायला अडीच महिने. तपासणीला दिवस उरले होते अकरा.

"नापास झाले तर डेपोतल्या खिडकीत बसवतील. पास द्यायला," बाई म्हणाल्या. "वाईट काम नाही ते. पण मी मरेन हो त्या खिडकीत. मला हलायला लागतं, माणसांशी भांडायला लागतं."

"अगं, बघतो ना मी," काका म्हणाले. त्यांनी बटण दाबलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलंही नव्हतं तोवर उजवा रकाना भरला. त्रेचाळीस वेळा 'नाही'.

"कुठेच नाही गं," काका म्हणाले.

"सगळ्यांना विचारलंत?"

"सगळ्यांना."

बाई रडल्या नाहीत. पट्टा घट्ट केला, उठल्या, म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच." आणि टक् टक् करत निघून गेल्या. मिस्त्रीने तात्पुरती पट्टी मारून दिली होती, तेवढ्यावर. त्या दिवशी काकांना डबा गेला नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "भूक नव्हती." काकूंनी डबा उघडून पाहिला आणि पुन्हा काही विचारलं नाही, कारण एवढ्या वर्षांत न उघडलेला डबा त्यांनी दोनदाच पाहिला होता.

बुधवारी सकाळी स्टोअरचा फोन वाजला. जुना, टेबलावरचा फोन. त्याच्यावर धूळ बसली होती.

"थांबाकाका का? मी टेकडीवरून बोलतेय."

टेकडीवरच्या स्टोअरच्या बाई. सव्वीस वर्षं काकांनी त्यांचा आवाज ऐकला होता, चेहरा कधी पाहिला नव्हता. जुने, मोडलेले पाय गोळा करून त्यातले चांगले तुकडे वेगळे करायचं काम त्यांच्याकडे. मशीनही तसंच जुनं.

"काका, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे की. का हो?"

"नाही, म्हटलं विचारावं. आमचं मशीन म्हातारं आहे, तुम्हाला माहीत आहे. कुणी विचारलं की आधी जागं होतं, मग सगळी यादी चाळतं. पाऊण मिनिट जातं त्यात. पूर्वी तुम्ही थांबायचात. आता काही महिने झाले, तुमच्याकडून चौकशी येते आणि आम्ही उत्तर द्यायच्या आत तुम्ही गेलेले असता. काल नोंदी बघत होते. पानंच्या पानं तेच आहे: विचारणारा निघून गेला, विचारणारा निघून गेला. मला वाटलं काकांचं काही बिनसलंय का. असं तुम्ही कधी केलं नाहीत."

काकांनी वही पुढे ओढून सोमवारचं पान उघडलं.

"सोमवारी," ते कसेबसे म्हणाले, "सोमवारी मी एक पितळी पिनेचा गुडघा विचारला होता का तुम्हाला?"

"विचारला होतात. आणि निघून गेलात. बघू का?"

"बघा," काका म्हणाले. "बघून या. मी आहे."

शिडीचा आवाज आला. डबे वाजले. मिस्त्री काहीतरी विचारायला दारात आला, त्याने काकांचा चेहरा पाहिला आणि तिथेच उभा राहिला. चार-पाच मिनिटं गेली असतील.

"दोन आहेत," टेकडीवाल्या बाई म्हणाल्या. "एक जरा घासलेला आहे, दुसरा उत्तम. आजच पार्सलात टाकते."

काकांनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. खराखुरा, आवाज येईल असा. "मी विचारलंच नव्हतं रे," ते मिस्त्रीला म्हणाले. "मी तिला तोंडावर खोटं सांगितलं. सगळ्यांना विचारलं म्हणून सांगितलं."

"तुम्हाला कुठे माहीत होतं काका?"

"मला माहीत असायला हवं होतं! मशीन म्हातारं आहे हे मला माहीत होतं. त्या बाईंना शिडी चढायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. मी कशाला पाच सेकंदांवर गेलो?"

टोपी न घालताच ते डेपोत गेले. बाई जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसल्या होत्या, पाय समोरच्या बाकावर ठेवून. तिकिटांच्या पिशवीतून एक कागद बाहेर डोकावत होता: मला खिडकीचं काम द्यावं ही विनंती. गुरुवारी साहेबांकडे द्यायचा होता.

काकांनी आडवळण घेतलं नाही. समोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पाच सेकंद, दोन रकाने, सगळं. बाई ऐकत राहिल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे मी दोन दिवस घरात तोंड लपवत फिरले, पोरीला सांगितलं की आईची बस संपली, आणि तुम्ही विचारलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि 'सगळ्यांना' म्हणालात!"

"म्हणालो."

"काका, दुसरं कुणी असतं ना, तर मी काय बोलले असते तुम्हाला सांगत नाही." शेजारच्या बाकावरचे दोन ड्रायव्हर उठून लांब जाऊन बसले, त्यांना बाईंचा अनुभव होता. काका हलले नाहीत. बाईंनी कागद पिशवीत खाली सरकवला. "फाडत नाही. सांधा बसला, वाजला नाही, मग फाडीन. बसा. पाणी घ्या. घामाघूम झालात म्हातारपणी."

संध्याकाळी घरी पोचताच काकांनी सुनेच्या समोर हात हलवला. तिने हेडफोन काढला. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं..." आणि तिथेच थांबली. मग म्हणाली, "मी लिहून व्हायच्या आत उठायला नको होतं. चला, आत्ताच बसू. जेवायच्या आत होईल."

या वेळी घाई केली नाही. सगळ्यांना एकदमच विचारायचं, ते तसंच ठेवलं. त्यात चूक नव्हतीच. पण प्रत्येकाची मर्यादा वेगळी. शहरातल्या नव्या मशीनना तीन सेकंद, पुलाजवळच्याला वीस, टेकडीला दोन मिनिटं. कुणाला किती द्यायचे हे सून विचारत होती आणि काका डोळे मिटून सांगत होते, जणू त्या त्या माणसाचा जिना त्यांना दिसत होता. एकाचं मशीन मोडलं म्हणून बाकीच्यांची उत्तरं फेकायची नाहीत. येईल तसं उत्तर दाखवायचं. आणि काकांनी पट्टी घेऊन वहीत तिसरा रकाना आखला. मथळा काय द्यायचा ते काकूंनी सुचवलं: 'अजून बोलले नाहीत.'

"आणि त्यांचं काय करायचं?" सुनेने विचारलं.

"त्यांना पुन्हा विचारायचं," काका म्हणाले. "दोनदा. तरीही गप्प असतील तर मी फोन लावेन."

पार्सल सोमवारी आलं. मिस्त्रीने सांधा बसवला, पिन ठोकली, तेलाचा थेंब सोडला. बाई उठल्या, चार पावलं चालल्या. आवाज नाही. त्या परत आल्या, ओट्यावर चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. काका मागे मागे होतेच. तिसऱ्या फेरीला बाई वळून म्हणाल्या, "काका, एक विचारू? माझ्याआधी किती जणांना नाही म्हणालात असं?"

काकांनी मान खाली घातली. हा प्रश्न त्यांनी स्वतःला बुधवारीच विचारला होता आणि वहीत उत्तरही काढून ठेवलं होतं. "अकरा."

बाई पुन्हा ओट्याकडे वळल्या. चौथी फेरी चालू लागल्या.

शुक्रवारी त्या पास झाल्या. बस मुद्दाम वेड्यावाकड्या वळणांनी नेली म्हणे, आणि बाई मधल्या जागेत हात बांधून उभ्या राहून तपासणाऱ्या साहेबांनाच "सांभाळा, धरून बसा" सांगत होत्या. हे काकांना कळलं ते बाईंच्या तोंडून, कारण दुपारी त्या खाकीतच स्टोअरमध्ये हजर झाल्या. मिस्त्रीने ओरडून वर्कशॉप डोक्यावर घेतलं. काकांनी डोळे पुसले, ते लपवलेही नाहीत.

"कागद फाडला," बाई म्हणाल्या. स्टूल ओढून फोनजवळ बसल्या. "आता ती अकरा नावं काढा."

"अगं, मी लावतो एकेक. तू कशाला?"

"तुमच्याने बोलवणार नाही म्हणून. लावा."

त्या अकरा जणांसाठी प्रोग्रामने आठवडाभर नीट विचारलं होतं. पाचांचं खरंच नव्हतं. दोघांसाठी विचारलेली काही स्टोअर्स अजून बोलली नव्हती. चौघांचं मिळालं होतं. त्या चौघांत पहिलं नाव एका शिंपीमास्तरांचं होतं. त्यांच्या घोट्याचा तुकडा पुलाजवळच्या स्टोअरमध्ये आठ महिने पडून होता. काकांनी फोन लावला.

"मास्तर, मी वर्कशॉपमधून बोलतोय. स्टोअरकीपर. तुम्हाला मी घोटा कुठेच नाही म्हणालो होतो. ते मी नीट न विचारता म्हणालो होतो. घोटा आहे. चूक माझी झाली."

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, रागाचा नाही, नुसता थकलेला. "शिलाईचं मशीन देऊन टाकलं हो मी. पुतण्याला. पायानेच चालायचं ते. आता पायच नाही म्हटल्यावर..."

काकांनी रिसीव्हर कानापासून खाली घेतला. कंडक्टरबाईंनी रिसीव्हर त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मास्तर, नमस्कार. मी पण याच काकांची. मलाही नाही म्हणाले होते. मी आज उभी आहे. पुतण्याला सांगा, मशीनला तेल घालून ठेव. आणि तुम्ही इकडे या, माप घ्यायला लागेल."

"येईन हो," मास्तर म्हणाले. आवाज जरा हलला होता. "पण कुबडी घेऊन चढता येत नाही मला. तिकडे यायला बस तरी कुठली पडते?"

"माझी," बाई म्हणाल्या. "सकाळी आठ-दहाची. तुम्ही स्टॉपवर उभे राहा, मी खाली उतरून हात देते."